टिचकीच्या नादावर कट ग्लास ठरवू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या काचवस्तूंवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘टिचकी मारा, घंटेसारखा नाद घुमला तर कट क्रिस्टल, नाहीतर साच्यातली काच’ असा सल्ला दिला आहे. जुन्या बाजारातले विक्रेतेही हाच प्रयोग करून दाखवतात. त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. काचेत शिसे आहे का, म्हणजे ती क्रिस्टल आहे का, हा एक. नक्षी चाकावर कापली की साच्यात दाबून उठवली, हा दुसरा. टिचकी फार तर पहिल्याबद्दल थोडेफार सांगेल, दुसऱ्याबद्दल काहीच नाही.

अमेरिकेत १८२० च्या दशकात यंत्राने दाबून भांडी काढायला सुरुवात झाली, तेव्हा त्यातला चांगला माल शिशाच्या काचेचाच असे. १८६४ मध्ये तिथल्याच व्हीलिंग गावच्या काच कारखान्यात विल्यम लेटन यांनी सोडा-चुन्याच्या काचेचे सुधारित मिश्रण तयार केले आणि मग स्वस्त मालातून शिसे गेले. त्याआधीचा साच्यातला पेलाही सुरेख घुमतो. उलट बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) कारागीर सतराव्या शतकापासून पोटॅश-चुन्याच्या काचेवर पैलू पाडत आले. तिच्यात शिसे नाही, पण काम अस्सल चाकावरचे. शिवाय आकाराचा प्रश्न आहेच. पातळ कडेचा, दांडीचा पेला घुमतो, तर जाड बुडाचा ॲशट्रे शिशाच्या काचेचा असला तरी ‘टक्’ करून गप्प बसतो. टिचकीचा खरा उपयोग तडा शोधायला होतो. घुमायला हवा असा पेला बद्द वाजला तर तो घेऊ नये.

कापकाम ओळखायला जवाहिरे वापरतात ते दहापट भिंग लागते. आधी नक्षीच्या खाचा पाहाव्यात. चाकाने कापलेली खाच तळाशी नेमकी ‘व्ही’सारखी मिटते आणि दोन खाचा मिळतात तिथली धार बोटाला टोचते. साच्यात मात्र गरम काच लोखंडाला लागताच थिजू लागते, कोपऱ्यांत पूर्ण शिरत नाही. त्यावर वस्तू पुन्हा आचेत धरून चकाकी आणली की राहिलेल्या धारा आणखी गोलावतात. त्यानंतर खाचा एकमेकींना छेदतात त्या जागा तपासाव्यात. हाताने कापताना एखादी रेघ केसभर पुढे जाते, चांदणीचे एखादे टोक आखूड राहते. साच्यात असे होत नाही, आणि साच्यातच खोट असेल तर ती प्रत्येक नगावर त्याच जागी उमटते. अर्थात अलीकडे संगणकाने चालणारी हिऱ्याची चाके आली आहेत, त्यामुळे नव्या मालात निव्वळ बिनचूकपणावरून निकाल देऊ नये.

साच्याचा सांधा, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे उठणारी रेघ, सगळेच शोधतात, पण तो बऱ्याचदा नक्षीच्या कडेत लपवलेला असतो. कानाच्या बाहेरच्या बाजूला, पायाच्या घडीत आणि दोन नक्ष्यांमधल्या सपाट पट्टीवर पाहावे. काठाजवळ तो आचेने पुसला गेलेला असतो. सांधा दिसला नाही एवढ्यावरून वस्तू कापलेली ठरत नाही, कारण तो घासूनही काढतात. साध्या भागावर केसासारखी, नखाला न लागणारी रेघ दिसली तर ती बहुधा कात्रीची खूण. साच्यात टाकायचा काचेचा गोळा कात्रीने तोडतात, तिथे तो थंडावतो आणि ती जागा कायम राहते.

दाबकामाची एक मर्यादा फार उपयोगी पडते. आतला दट्ट्या सरळ वर निघायला हवा, म्हणून भांडे आतून तोंडाकडे रुंदावत जाते किंवा निदान सरळ असते. पोट मोठे आणि मान अरुंद अशी सुरई किंवा गुलाबदाणी नुसत्या दाबाने निघत नाही. ती साच्यात फुंकलेली असेल तर बाहेरच्या नक्षीचे उंचवटे-खळगे आतही उतरतात. अरुंद तोंडातून बांबूची काडी आतल्या भिंतीवर फिरवली की ते जाणवतात. मात्र १९०० च्या सुमारास अमेरिकेत नक्षी साच्यातच अर्धवट उठवून वर चाक फिरवण्याची काटकसर रुजली. अशा वस्तूत धार खरी असते आणि आत लाटाही असतात. ॲसिडने पॉलिश केलेल्या खऱ्या कटची धारही किंचित बोथट दिसते.

राहिले शिसे. त्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. वस्तू कोरडी तोला. मग प्लास्टिकच्या डब्यात पुरेसे पाणी घेऊन डबा काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने बांधलेली वस्तू पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. दिसतील तितके ग्रॅम म्हणजे तिने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा, येईल ती काचेची घनता. २९० ग्रॅमचा पेला ११६ दाखवत असेल तर २.५ म्हणजे साधी सोडा-काच, १०० दाखवत असेल तर २.९. युरोपच्या १९६९ च्या नियमात २४ टक्के लेड ऑक्साइडच्या काचेला किमान २.९० आणि ३० टक्क्यांच्या काचेला किमान ३.०० घनता लागते. मधले आकडे आले तर शिसे कमी किंवा बेरियम-जस्ताची नवी काच. वस्तू तळाला टेकली किंवा खाचांत बुडबुडे अडकले तर पाण्यातला आकडा फुगतो आणि शिशाची काचही साधी ठरते. तिचा काठ पाण्याबाहेर राहिला तर उलटे होते. झुंबराचे लोलक एकेकटे हलके असतात, तेव्हा दहा एकत्र तोलावेत आणि पितळी तारा आधी काढाव्यात, नाहीतर पितळेचे वजन काचेच्या नावावर चढते. शिसे ओळखायला नोटा तपासायच्या स्वस्त जांभळ्या टॉर्चवर विसंबू नये. तिच्याच जांभळ्या उजेडाने कुठलीही काच निळसर भासते.

घनता २.९ किंवा त्याहून जास्त निघाली तर त्या सुरईत मद्य, लिंबाचे सरबत किंवा व्हिनेगर साठवू नये, आणि तसल्या बरणीत लोणचे तर नाहीच. आम्ल आणि अल्कोहोल काचेतले शिसे हळूहळू ओढून घेतात आणि दिवस जातील तसे ते वाढत जाते. पाहुण्यांपुरते ओतून लगेच रिकामे केले तर फारसे बिघडत नाही, तरी लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना त्यातून काही देऊ नये.

आपला,
काचवस्तूंचा एक संग्राहक, पुणे