तारापेशींतला उजेड: सईला पत्र

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ॲस्ट्रोसाइट चमकतात म्हणजे नेमकं काय होतं गं?" मी घाईत दोन वाक्यं सांगितली आणि फोन ठेवल्यापासून मनाला चुटपुट लागून राहिली. प्रबंधासाठी तू हाच, मेंदूतल्या या तारापेशींचा, विषय धरायचा म्हणतेस, तर निदान उत्तर तरी धड द्यायला हवं. म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते सांगते. खोलीत अंधार आणि माइक्रोस्कोपच्या पडद्यावर राखाडी गिचमिड. बराच वेळ काहीच घडत नाही. मग पेशीच्या एखाद्या फांदीच्या टोकाशी ठिपका उजळतो, दोन-तीन सेकंद रेंगाळतो आणि विझतो. थोड्या वेळाने दुसरीकडे तसाच एक. क्वचित कधी तो उजेड फांदीवरून सरकत पेशीच्या मधल्या गोळ्यापर्यंत येतो आणि अख्खी पेशी भरून येते. न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशीचा, विद्युत-संदेश एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. इथला हिशोब सेकंदांचा. डिशमध्ये वाढवलेल्या पेशींत एकीकडून दुसरीकडे जाणारी लाट सेकंदाला साधारण १० ते २० मायक्रोमीटर सरकते. न्यूरॉनवर काम केलेल्यांना सुरुवातीला कंटाळा येतो. मला कधी आला नाही.

हा उजेड पेशीचा स्वतःचा नव्हे. आपण पेशीत एक प्रथिन घातलेलं असतं, जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनापासून घडवलेलं. त्याला कॅल्शियम चिकटलं की ते जास्त चमकतं. म्हणजे आपण बघतो ते फक्त पेशीत कॅल्शियम कुठे आणि कधी वाढलं, एवढंच. आता हे वाढतं कसं? पेशीच्या आतल्या मोकळ्या द्रवात कॅल्शियम अगदी नगण्य असतं, बाहेर त्याच्या सुमारे दहा हजार पट. ही तफावत टिकवण्यासाठी पेशी रात्रंदिवस ऊर्जा खर्चून ते बाहेर उपसत असते, आणि काही ईआर नावाच्या पेशीतल्याच कोठारात भरून ठेवते. आत इतकी शांतता राखली आहे म्हणूनच जराशी वाढसुद्धा पेशीला कळते. शेजारच्या न्यूरॉनने ग्लुटामेट किंवा नॉरएपिनेफ्रिन हे निरोप्या रसायन सोडलं की ते ॲस्ट्रोसाइटच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर, बसतं, आत आयपी३ नावाचा रेणू तयार होतो आणि तो ईआरवरची दारं उघडतो. बाहेर पडलेलं कॅल्शियम आजूबाजूची दारं उघडायला मदत करतं. फार वाढलं की तेच दारं मिटवतं, आणि पंप पुन्हा कोठार भरू लागतात. उजळणं आणि विझणं, दोन्ही एकाच पदार्थाच्या हातात आहे. मला यातला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

१९९० पर्यंत हे फारसं कुणाच्या गावी नव्हतं. रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये न्यूरोग्लिया हे नाव दिलं ते न्यूरॉनांना धरून ठेवणारा गोंद या अर्थाने, आणि तो अर्थ शंभरावर वर्षं चिकटून राहिला. ॲस्ट्रोसाइटना विद्युत-संदेश पाठवता येत नाही, इलेक्ट्रोड लावून ऐकलं तर ऐकू काही येत नाही, मग त्या मुक्याच असणार असं सगळ्यांनी धरलं. १९९० मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने डिशमधल्या ॲस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट घातलं आणि कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत जाताना दाखवल्या. सिनॅप्स म्हणजे दोन न्यूरॉनांमधला जोड. पुढे १९९९ मध्ये 'त्रिपक्षी सिनॅप्स' हा शब्द आला: दोन न्यूरॉन आणि त्यांना लपेटून बसलेली ॲस्ट्रोसाइट.

इथे तुला माझी एक गोष्ट सांगते, पूर्वी कधी सांगितलेली नाही. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी एका दुपारी माझ्या पडद्यावर एकामागून एक टपोऱ्या लाटा यायला लागल्या. मी हरखून गेले. चार दिवस जेवणाचं भान नव्हतं, नुसती रेकॉर्डिंग चालली होती. पाचव्या दिवशी आमच्या वरिष्ठ बाई शेजारी येऊन बसल्या, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "लेझर निम्म्यावर आण." आणला. लाटा थांबल्या. चार दिवस मी बघत होते तो माइक्रोस्कोपच्या लेझरच्या माऱ्याने पेशींना होणारा त्रास होता. त्या दिवसापासून मी लेझरची शक्ती वहीत पहिल्या ओळीत लिहिते, तारखेच्याही आधी. भूल दिलेल्या उंदराचंही तसंच आहे. भुलेखाली ॲस्ट्रोसाइटचा बराचसा उजेड मालवतो. तोच उंदीर जागा होऊन धावू लागला की नॉरएपिनेफ्रिनमुळे मेंदूचा मोठा भाग एकदम उजळतो. नुसतं "उंदरात दिसलं" असं कुणी सांगितलं, तर जागा होता की झोपवलेला, हे आधी विचारत जा.

आता ज्या भांडणासाठी हा विषय तू घ्यावास असं मला वाटतं, त्याकडे येते. २०१० मध्ये दोन शोधनिबंध आले, दोन्ही हिप्पोकॅम्पसवरचे, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागावरचे, आणि दोन्ही एकाच प्रश्नावर: सिनॅप्स बळकट व्हायला ॲस्ट्रोसाइटचं कॅल्शियम लागतं का? एका गटाने एकाच ॲस्ट्रोसाइटमधलं कॅल्शियम आतून जखडून ठेवलं. जवळचे सिनॅप्स बळकट होईनात. डी-सेरीन हे सिनॅप्सला मदत करणारं रसायन बाहेरून घातल्यावर झाले. दुसऱ्या गटाकडे असे उंदीर होते की ज्यांच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये ईआरवरचं आयपी३चं दारच नव्हतं. त्यांत काहीही बिघडलं नाही. मग त्यांनी उलट करून, मुद्दाम कॅल्शियम वाढवूनही पाहिलं. तरी फरक नाही.

कोण खरं? मला विचारशील तर दोघंही, आणि गफलत आपण वापरतो त्या शब्दात आहे. दोघंही कॅल्शियम म्हणतात, पण जागा वेगळ्या. पुस्तकातली ॲस्ट्रोसाइट आठव, चांदणीसारखी. तो आकार एका विशिष्ट रंगाईमुळे दिसतो, आणि त्या रंगाईत पेशीचा सुमारे १५ टक्केच भाग रंगतो. खरी पेशी स्पंजासारखी दाट झुपकेदार असते. सिनॅप्सना लपेटणारे तिचे पापुद्रे इतके बारीक की साध्या प्रकाशाच्या माइक्रोस्कोपला ते सुटे दाखवता येत नाहीत. २०१५ मध्ये पुन्हा त्याच बिनदाराच्या उंदरांत बघितलं, तेव्हा मधल्या गोळ्यातला उजेड जवळजवळ गेला होता, पण बारीक फांद्यांतले ठिपके बऱ्यापैकी शिल्लक होते. म्हणजे दार काढलं तरी सगळं कॅल्शियम थांबलेलं नव्हतं.

मोठ्या लाटेलाही काम नाही असं मात्र समजू नकोस. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांवर २०१९ मध्ये झालेला प्रयोग तुला फार आवडेल. पिल्लाचं डोकं स्थिर धरलेलं, समोर हलणारं चित्र. ते शेपटी मारतं, पण चित्र असं फिरवतात की आपण जागचे हललोच नाही असं त्याला वाटावं. ते आणखी जोर लावतं, आटापिटा करतं, आणि मग एकदम थांबतं. दर फुकट गेलेल्या प्रयत्नागणिक नॉरएपिनेफ्रिनचे न्यूरॉन ॲस्ट्रोसाइटना कळवत असतात आणि तिथे कॅल्शियम साचत जातं. पुरेसं साचलं की पोहणं बंद. त्या पेशी निकामी केल्या तर पिल्लू थांबायचं नाव घेत नाही. मुद्दाम जाग्या केल्या तर कारण नसताना थांबतं. सेकंदांत मोजायचा संथपणा इथे अगदी कामाचा आहे, कारण किती वेळा फसलं हे साठवत न्यायचं तर मिलिसेकंदांत विझणारा संदेश अपुरा पडतो.

तुझ्या मेलवर एक फाइल टाकली आहे, ९० सेकंदांची. लेझरची शक्ती नावातच लिहिली आहे. डावीकडे खाली जी पेशी आहे ती चाळिसाव्या सेकंदापासून बघ. उजेड पहिल्यांदा कुठे लागतो, फांदीत की गोळ्यात, ते कागदावर मांडून ठेव. तीनदा बघ आणि दर वेळी नवा कागद घे. माझे तीन कागद इथे तयार आहेत, पण तुझे झाल्याशिवाय मी सांगणार नाही. रविवारी सकाळी फोन कर.

तुझी,
आई