विस्तारीकरण गाळपाचे, अडचण तोडणीची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाळप हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या विस्तारीकरणाच्या बातम्या वाचल्या, की मला काळजी वाटते. कारण अडचण मिलमध्ये नसून उसाच्या फडात आहे. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. या हिशेबाने रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला किमान अडीच हजार कोयते हवेत. निम्मेच आले, तर मिल कितीही मोठी बसवली तरी गव्हाणीत निम्माच ऊस पडणार. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला आणि १ मेनंतर गाळलेल्या उसाला उतारा, म्हणजे उसातून मिळणारी साखर, घटल्यापोटी टनामागे २०० रुपये अनुदान सरकारला जाहीर करावे लागले, हे आपण इतक्यात विसरू नये.

कोयता अपुरा असेल, तर त्याचा प्रत्येक तास जपायला हवा. गेल्या हंगामात माझा फड अर्धा तुटला असताना तोडणाऱ्यांची टोळी दुसऱ्या गावाला हलवली गेली. सामान बांधणे, नव्या जागी राहायच्या कोप्या उभारणे, यात त्या माणसांचे दोन दिवस गेले. पुढे मिल बंद पडली, तरी तोडणी थांबवण्याचा निरोप कारखान्याच्या शेतकी विभागाकडून कोणालाच आला नाही. माझ्या ट्रॉल्या दीड दिवस यार्डात उभ्या राहिल्या, ऊस वाळला आणि वजनातली घट माझ्या माथी आली.

त्याहून जिव्हारी लागते ते तोडणाऱ्या बायांचे. पहाटे फडावर जाण्याआधी लांबून पाणी आणायचे, सरपण गोळा करायचे, तान्हे मूल उसाच्या कडेला निजवायचे आणि मग मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या. कोप्यांजवळ पाण्याची टाकी, एक पाळणाघर आणि पावसातही गाडी निघेल असा पाणंद रस्ता, एवढ्याचा खर्च विस्तारीकरणापुढे किरकोळ आहे. माणुसकी म्हणून तो करायलाच हवा. गाळपही त्यानेच वाढेल.

हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारे यंत्र, हे अर्धेच उत्तर आहे. त्याला सरींत साडेचार-पाच फुटांचे अंतर आणि वळायला जागा लागते, म्हणजे तयारी लागणीपासूनच करावी लागते.

माझी मागणी एवढीच, की वार्षिक सभेत गाळपाच्या आकड्याशेजारी दोन आकडे छापावेत : ऊस नाही म्हणून मिल किती तास थांबली आणि भरलेली वाहने यार्डात किती तास उभी राहिली. विस्तारीकरणाचा ठराव त्यानंतर मांडावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद