केबल मिळत नाही म्हणून जीपीएस टाकून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिरियल पोर्टची (संगणकाच्या जुन्या नऊ पिनांच्या जोडणीची) हातातली जुनी जीपीएस यंत्रे चालू स्थितीत असूनही अडगळीत जातात, कारण त्यांची डेटा केबल बाजारात मिळेनाशी झाली आहे. वास्तविक त्या केबलमध्ये कामाच्या तारा तीनच असतात, त्यामुळे ती घरीच बनवता येते. यंत्राचा 'डेटा आउट' संगणकाच्या बाजूच्या नऊ पिनांच्या फीमेल कनेक्टरच्या पिन २ ला, 'डेटा इन' पिन ३ ला आणि ग्राउंड पिन ५ ला. बाकीच्या पिना रिकाम्या.

अवघड असतो तो यंत्राच्या बाजूचा प्लग. गार्मिन कंपनीच्या जुन्या यंत्रांत चार संपर्कांचे गोल किंवा चपटे सॉकेट असते. तयार प्लग मिळाला तर उत्तम. गोल सॉकेटच्या पिनांवर मापात बसतील असे सुटे फीमेल संपर्क जुन्या कनेक्टरमधून काढून, प्रत्येकावर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवूनही भागते. सॉकेटमध्येच एपॉक्सी ओतून साचा घेण्याचा खटाटोप मात्र करू नये. ती चिकटली की यंत्र गेलेच. कोणती पिन कशाची हे मॅन्युअलमधल्या आकृतीत पाहावे. ग्राउंडची खात्री सेल काढून मल्टिमीटरने करता येते, ती पिन सेलच्या ऋण टोकाशी जोडलेली असते.

चौथी पिन वीजपुरवठ्याची. डेटासाठी तिची गरज नाही, तेव्हा ती तार कापून टोक झाकून टाकावे. काही यंत्रे गाडीचे १२ व्होल्ट थेट घेतात, तर काहींना जेमतेम ३ व्होल्ट सोसतात. यूएसबीचे ५ व्होल्ट 'सहज मिळतात' म्हणून जोडणे इथेच महागात पडते.

डाग देताना सगळ्यात जास्त फसगत पिनांच्या क्रमांकांत होते. कनेक्टर समोरून पाहिला तर क्रमांक एका दिशेने जातात, डाग देण्याच्या बाजूने पाहिला तर उलट. प्लास्टिकवर बारीक अक्षरात कोरलेले आकडेच प्रमाण मानावेत. आणि हीट श्रिंकची नळी तारेत आधी ओवावी, नाहीतर डाग सोडवण्याची पाळी येते.

हल्लीच्या संगणकाला सिरियल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबी अडॅप्टर लागतो. तो आरएस-२३२ (जुन्या सिरियल पोर्टचे विद्युत-मानक) पातळीचाच हवा. मायक्रोकंट्रोलरसाठी (छोट्या नियंत्रक चिपसाठी) मिळणाऱ्या उघड्या टीटीएल (कमी व्होल्टेजच्या सिग्नलच्या) पट्टीवर सिग्नल उलटा वाचला जातो आणि पडद्यावर निव्वळ कचरा उमटतो. अडॅप्टर तपासायचा तर त्याच्या पिन २ आणि ३ तारेने जोडून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर अक्षरे पाठवणाऱ्या व आलेली दाखवणाऱ्या) टाइप करावे, लोकल एको (टाइप केलेले स्वतःच पडद्यावर दाखवण्याची सोय) बंद ठेवून. अक्षरे परत दिसली तर अडॅप्टर ठीक, दोष केबलमध्ये शोधावा.

यंत्राच्या सेटिंगमध्ये 'एनएमईए' (स्थान आणि वेळ साध्या अक्षरांत पाठवण्याची पद्धत) निवडून टर्मिनलचा वेग ४८०० बॉड (डेटाच्या वेगाचे एकक) ठेवला की दर एक-दोन सेकंदांनी डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येऊ लागतात. घरात बसून पाहिल्यास जीपीआरएमसी या ओळीत वेळेनंतर 'व्ही' दिसेल. त्याचा अर्थ उपग्रह सापडलेले नाहीत एवढाच; केबल उत्तम आहे. उघड्यावर गेल्यावर तिथे 'ए' येतो. काहीच आले नाही तर २ आणि ३ च्या तारांची अदलाबदल करून पाहावी.

ट्रॅक (फिरलेल्या वाटेची नोंद) आणि वेपॉइंट (साठवलेली ठिकाणे) संगणकावर उतरवायचे असतील तर यंत्रात 'गार्मिन' (कंपनीची स्वतःची पद्धत) हा पर्याय हवा. त्यात वेग ९६०० असतो आणि संगणकाने विचारल्याशिवाय यंत्र सहसा काही बोलत नाही. टर्मिनल कोरा दिसला म्हणून पुष्कळ लोक चांगली केबल पुन्हा उसवतात. इथे जीपीएसबेबल हा मोफत प्रोग्रॅम वापरावा.

उतरवलेल्या ट्रॅकची तारीख सुमारे १९ वर्षे ७ महिने मागची दिसली तर त्याचा दोषही केबलला देऊ नये. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ नंतर पुन्हा शून्यावर येते. अशी वेळ ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये आली. ज्या यंत्रांचे सॉफ्टवेअर हे सांभाळत नाही, त्यांत तारीख चुकते, पण अक्षांश-रेखांश बरोबर राहतात. ट्रॅकच्या तारखांत ७१६८ दिवस मिळवले की काम झाले.

– एक वाचक