गाडी शोधून दिलीत, भाई, त्याबद्दल

प्रिय भाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. दोनदा विचारलं, दोनदा हसून विषय बदललात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. जुनी गाडी घेताना कुणी इतक्या मनापासून मदत करतं, हे चार लोकांना कळायला हवं. तुम्ही जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय गाडी विकायचं ठरलं तेव्हा मी ज्याला त्याला विचारत होतो. काही जण म्हणाले, मुलगी मोठी होते आहे, आईचे गुडघे दुखतात, आता गाडी चालवायची हौस पुरे. मोठी डिकी बघ, मायलेज बघ आणि घे. काही म्हणाले, सरळ ऑक्टेव्हिया घे, घरच्यांना होईल सवय. तुम्ही यातलं काहीच बोलला नाहीत. "या गाडीतलं तुला नेमकं काय आवडतं?" एवढंच विचारलंत, आणि मी बोलत असताना मध्ये एक शब्द न काढता ऐकून घेतलंत.

मी आधी इंजिनाबद्दल बोललो. १२०० सीसी, १०५ पीएस ताकद, आणि १७५ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढ, जी १५०० आरपीएमलाच, इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असतानाच, हाताशी येते. मग बोलता बोलता स्टिअरिंगवर आलो, वळणात गाडी कशी बसते त्यावर आलो, दुसऱ्या गिअरमध्ये चढणीवर ती कशी ओढते त्यावर आलो. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बोलण्यात टॉप स्पीड एकदाही आला नाही." भाई, त्या एका निरीक्षणाने माझा अर्धा शोध संपवला. गोव्यात वेग गाठायला रस्ता आहे कुठे? झुवारीच्या नव्या पुलावर किंवा अटल सेतूवर दोन मिनिटं मोकळी मिळतात. बाकी आपलं सगळं चालवणं माशेल ते फोंडा, बाणस्तारी, बोरीचा पूल, साखळी, केरी असं. चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारे रस्ते, एका बाजूला शेत, पुढच्या वळणावर गाय किंवा कदंब बस. इथली मजा ताशी ४० ते ६० किलोमीटरमध्येच मिळते. पेटीची पट्टी दाबताच सूर यावा तशी गाडीने साद दिली की झालं. मग दीडशे-दोनशे पीएस शोधायची गरज उरत नाही. लवकर येणारा टॉर्क, नेमकं स्टिअरिंग आणि खड्ड्यातून निघाल्यावर लगेच सावरणारं सस्पेन्शन एवढं पुरतं. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, माझ्याच तोंडून काढून घेतलंत.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यभर सांगत राहीन. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि आई रोज संध्याकाळी जिथे बसते त्या सोप्याची, म्हणजे बसायच्या कट्ट्याची, उंची टेपने मोजलीत. आईला विचारलंत, "इथून उठताना गुडघ्याला त्रास होतो?" ती म्हणाली, नाही. मग तो आकडा डायरीत लिहून घेतलात, आणि पुढे प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची त्या आकड्याशी ताडून पाहिलीत. आईसाठी गाडी शोधताना लोक पाय ठेवायची जागा बघतात, एसीचे व्हेंट बघतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खरा त्रास बसताना खाली वाकण्याचा आणि उठताना अंग वर उचलण्याचा असतो, हे मी घरात रोज पाहत होतो. त्याचं माप घेता येतं हे तुम्ही दाखवलंत. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती टेपची गोष्ट सांगते.

त्या एका मापाने यादी आपोआप लहान झाली. पाचव्या पिढीची होंडा सिटी मला फार आवडली होती. मॅन्युअल गिअर अगदी मऊ पडतो, इंजिन वरच्या आरपीएमला गातं, डिकी ५०६ लिटरची, म्हणजे आमच्या भजन मंडळीच्या दोन पेट्या आणि पखवाज आडवा जाऊन वर झांजांची पिशवी राहील अशी. पण आई त्यात बसली की सीटमध्ये रुतायची आणि उठताना दाराची चौकट धरायची. ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयचंही तेच. त्या गाडीबद्दल तुमच्या मनात किती आदर आहे ते मला दिसलं; १८० पीएस आणि ५९० लिटरची डिकी एकाच गाडीत, तिला पर्याय नाही असं तुम्हीच म्हणालात. पण ४६७० मिलिमीटर लांब आणि १८१४ मिलिमीटर रुंद गाडी आमच्या वाड्याच्या वळणावर रोज वळवायची, आणि आईने रोज तिच्यात खाली उतरून बसायचं, हे तुम्हाला पटलं नाही. आय२० एन लाइन १२० पीएसची, चालवायला झकास. पण डिकी ३११ लिटर. पोलोच्या २८० वरून तिथे जाऊन पेट्यांचा प्रश्न सुटत नव्हता.

मग तुम्ही फोक्सवॅगनच्याच टायगुनचं नाव काढलंत. १.० टीएसआय, मॅन्युअल. माझा चेहरा पडला असावा, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "एसयूव्ही या शब्दाकडे बघू नको, चालवून बघ." आणि सगळं खरं खरं सांगितलंत: तीन सिलिंडर आहेत, थंड असताना थरथर जाणवेल. ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर म्हणजे कागदावर पोलोपेक्षा थोडे जास्तच, पण गाडी जड आणि उंच, त्यामुळे तो चपळपणा थोडा उतरेल, वळणात अंगही जास्त कलेल. त्या बदल्यात १८८ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ३८५ लिटरची डिकी, पाडता येणारी मागची सीट, आणि सोप्याच्या मापाच्या जवळ जाणारी बैठक. गाड्यांच्या अपघात चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये मोठ्या माणसांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षिततेला पाच तारे दिलेली गाडी. मुलीची सीट आयसोफिक्सच्या कड्यांत घट्ट बसते की नाही, ते तुम्ही स्वतः हलवून पाहिलंत.

साखळीच्या त्या गृहस्थांनी गाडी दाखवायला बोलावलं तेव्हा सकाळी लवकर यायचं आणि त्यांनी आमच्याआधी गाडी सुरू करून ठेवायची नाही, ही अट तुमची. गेल्या गेल्या तुम्ही बॉनेटवर हात ठेवलात, थंड होतं. गरम इंजिन बरेच दोष झाकून ठेवतं, थंड असताना आवाज, धूर, थरथर सगळं दिसतं. मग तुम्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का पाहिलंत, स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात गंज किंवा ओल आहे का चाचपलंत, पुढचा गालिचा उचलून वास घेतलात. आपल्या पावसात पाणी शिरलेली गाडी वरून कितीही पुसली तरी या तीन जागा बोलतात. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला नाही, म्हणजे पुढचा भाग उघडून बसवलेला नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायलाही तुम्हीच शिकवलंत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. किलोमीटर कमी आणि टायर मात्र गाडीपेक्षा बरेच नवे दिसले की प्रश्न विचारायचा. खाली वाकून किनाऱ्याची रेती आणि खारा गंज बघितलात. आरसी वाचताना ही गाडी आधी रेंट-अ-कॅबमध्ये, म्हणजे भाड्याने, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत चालली आहे का तेही तपासलंत. गोव्यात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी बघावं.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावली. क्लच थोडा वरच्या बाजूला पकडत होता आणि मागचा डावा शॉकअब्सॉर्बर ओलसर होता. तुम्ही ते मालकांना शांतपणे दाखवलंत, खर्चाचा अंदाज सांगितलात, आणि गाडीची निंदा एकदाही केली नाहीत. उलट म्हणालात, "गाडी नीट राखली आहे तुम्ही." भाव करताना समोरच्याची वस्तू वाईट ठरवायची ही आपल्याकडची रीतच झाली आहे. त्या गृहस्थांनी दोन्ही कामांचे पैसे स्वतःहून कमी केले, आणि आजही सर्व्हिसचं काही विचारलं तर फोन उचलतात.

चाचणीसाठी तुम्ही हायवे धरला नाहीत. आधी आईला, हिला आणि मुलीला मागे बसवलंत, मग साखळीहून डिचोली, मये करत चोडण, कारण हिचं माहेर तिथलं आणि महिन्यातून दोनदा जाणं ठरलेलं. तिथून फेरीबोटीने रायबंदर. ओहोटी होती. पाणी उतरलं की धक्का आणि बोटीची फळी यांचा कोन वाढतो आणि पुढे ओठ लांब असलेली गाडी तिथे हमखास घासते. टायगुन काही न घासता चढली आणि उतरलीही. मागे बसलेल्या आईला तुम्ही प्रत्येक गतिरोधकानंतर विचारत होतात. शेवटी ती म्हणाली, "अरे, मला बरं वाटतंय, तू पुढे बघ."

आणि मग चोर्ला घाट. या वेळी गाडीत तुम्ही, मालक आणि मी. केरी सोडल्यावर तुम्ही म्हणालात, आता तुझ्यासाठी चालव. दुसरा गिअर, १७५० आरपीएमच्या पुढे टर्बो जागा झाला आणि चढणीवरची ती ओढ मला तिथल्या तिथे ओळखता आली. सहा गिअरचा मॅन्युअल, वळणाच्या आधी खाली टाकायचा, वळणातून बाहेर पडताना दाबायचं. पोलोमध्ये सात गिअरची डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, होती, हातांना इतकं काम कधी मिळालंच नव्हतं. अंग कललं, तुम्ही सांगितलं होतं तितकंच, पण चाकांनी रस्ता सोडला नाही. १७ इंची चाकांच्या टायगुनपेक्षा १६ इंची चाकांची बघ, असं तुम्ही का म्हणत होतात तेही तिथे कळलं: टायरची भिंत जाड असली की खड्ड्याचा मार आधी ती खाते. सनरूफ नसलेलीच बघूया, हा आग्रहही तुमचाच. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत मोहर आणि पाला सनरूफच्या पाण्याच्या नळ्या बुजवतो आणि पहिल्या पावसात छतातून पाणी येतं. आमच्या अंगणात आंबाच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहितो: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटल्यावर हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, काढायला फॉर्म ३५, सगळं तुमच्या मुलीने समजावून दिलं. तिला माझा विशेष नमस्कार सांगा. तिनेच सांगितलं की नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पोलो विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं, आणि पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे टायगुनच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळाली. ही रक्कम मी चक्क सोडून दिली असती.

आता गाडी येऊन एक पावसाळा होत आला. श्रावणात मंडळी भजनाला वास्कोला गेली, दोन्ही पेट्या मागे, पखवाज सीट पाडून, आणि तरी तिघे नीट बसलो. ही रोज पणजीला कामाला नेते. तिला पोलो कधीच फारशी आवडली नाही, उंच बैठकीमुळे ही आवडते, म्हणून रविवारी किल्ली माझ्या हातात येण्यासाठी मला विनवणी करावी लागते. आई स्वतः दार उघडून बसते आणि स्वतः उतरते. मधल्या काळात आई देवळात यायचं टाळायची. आम्हाला त्रास नको म्हणून ती गप्प राहायची, आणि आम्हाला वाटायचं वय झालं. आता दर सोमवारी मंगेशीला जाते.

मला चालवायचा आनंद सोडायला न लावता तुम्ही घरातल्या प्रत्येकाची जागा त्याच गाडीत शोधलीत, भाई. त्याबद्दल मी, ही आणि आई, तिघंही तुमचे मनापासून आभारी आहोत.

चवथीला घरी यायचं आहे. वहिनींना आणि मुलीला घेऊन या. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान यंदा एकाच खेपेत आणणार आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भजन आहे, तेव्हा राहायच्याच बेताने या. दिवाळीनंतर शॉकअब्सॉर्बर बदलायला गाडी तुमच्याकडे आणतो, आणि त्या कामाचे पैसे तुम्ही घ्यायचेच आहेत.

तुमचा,
माशेलचा पेटीवाला