इन्सब्रुकहून धाकट्या भावाला: डोंगराचं गणित

इन्सब्रुक (ऑस्ट्रिया), मे 2025

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद,

इथल्या विद्यापीठात तुझी निवड झाल्याचं आईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरअखेर तू इथे असशील. तेव्हा वर अजून चालता येतं, आणि सामान टाकून तू लगेच डोंगराकडे निघशील हे मला ठाऊक आहे. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि डोंगराचं सविस्तर.

राहायला गेल्यापासून तीन दिवसांच्या आत पत्त्याची नोंद करावीच लागते. फॉर्मचं नाव मेल्डेत्सेटेल. त्यावर घर देणाऱ्याची सही लागते, तेव्हा ती किल्ली घेतानाच घे. शिक्का बसलेला कागद पुढे बऱ्याच कामांना मागतात, त्याच्या चार प्रती काढून ठेव. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शिधा शनिवारीच भरायचा. यंदापासून प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर 25 सेंट अनामत लागते. चेपलेली बाटली मशीन घेत नाही, म्हणून न चेपता परत कर.

आईला सांग, तूप, पेढे, खवा यातलं काही बॅगेत भरायचं नाही. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, दाण्याची चटणी, मेतकूट चालतं. कुकर आणलास तर बूड इंडक्शनवर चालणारं आहे का ते आधी बघ: लोहचुंबक घट्ट चिकटला तर चालेल. पोळ्यांसाठी इथल्या गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर ‘ग्लाट’ लिहिलेलं घे. ‘ग्रिफिग’ रवाळ असतं, त्याची पोळी लाटताना फाटते. निम्मं ग्लाट आणि निम्मं बारीक दळलेलं अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळून भिजव, अर्धा तास झाकून ठेव.

आता डोंगर. शहर 574 मीटरवर आहे आणि नॉर्डकेटेची रांग गल्लीच्या टोकाला उभी आहे. शहरातून आधी रुळावरची गाडी हुंगरबुर्गला नेते, तिथून दोन टप्प्यांत केबलकार. झेग्रुबेचं स्टेशन 1,905 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (1,646 मीटर) उंच, आणि हाफेलेकार सुमारे 2,260 वर. गाड्या लागोपाठ मिळाल्या तर हे सगळं अर्ध्या तासात होतं, आणि धोका नेमका इथेच आहे. कळसूबाईला बारी गावातून चढताना पाय आणि दम आपल्याला जागं ठेवतात. इथे कॉलेजच्या कपड्यांत माणूस थेट कड्यावर पोचतो. दर 100 मीटरला साधारण 0.6 अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली 15 असेल तर हाफेलेकारला 5 आणि वर वारा. सप्टेंबरात तिथे बर्फही पडतो. सुती बनियन घालू नकोस, घामाने भिजला की अंगावरच गार पडतो. आत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, मग फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही पिशवीत असू देत.

वेळेचा हिशोब इथे असा करतात: चढाई ताशी 300 मीटर, उतार ताशी 500 मीटर, आडवं अंतर ताशी 4 किलोमीटर. उंचीचा वेळ वेगळा काढ, अंतराचा वेगळा. मोठा आकडा पूर्ण घे आणि त्यात लहान आकड्याचा निम्मा मिळव. 900 मीटर चढ आणि 6 किलोमीटर अंतर असेल तर 3 तास आणि दीड तास, म्हणजे पावणेचार. विश्रांती वेगळी. हाफेलेकारहून शेवटची केबलकार चुकली तर काय होतं तेही याच हिशोबाने बघ: सुमारे 1,700 मीटरचा उतार, म्हणजे नुसत्या उताराचे जवळजवळ साडेतीन तास, त्यात अंतराचा निम्मा वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून वर पोचलास की आधी शेवटच्या गाडीची वेळ वाच, मग फोटो काढ.

दगडही निराळा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत, कोरडा असला की साध्या बुटालाही धरतो. नॉर्डकेटे चुनखडीची, ओली झाली की गुळगुळीत, आणि वाटेवर सुट्या खडीचे पट्टे. तिथे बुटाचा तळवा ताठ आणि खाचा खोल हव्यात. पाट्यांवर लाल ठिपका म्हणजे मध्यम डोंगरवाट, काळा म्हणजे अवघड. काळ्या वाटेवर हात लावून चढायचे टप्पे आणि आधाराला धरायच्या तारा येतात. सुरुवातीला काळ्या वाटेला जाऊ नकोस, आणि हे मी काळजीपोटीच सांगते आहे. पहिली चाल म्हणून समोरच्या पाचरकोफेलवरची त्सिरबेनवेग घे: सुमारे 7 किलोमीटर, 2,000 मीटरच्या आसपास जवळजवळ सपाट, स्विस स्टोन पाइनच्या जुन्या झाडांतून, आणि समोर पूर्ण नॉर्डकेटे. फक्त फ्योन सुटलेला नाही ना ते बघ. हा दक्षिणेचा कोरडा, उबदार वारा डोंगर ओलांडून खाली येताना तापतो. शहरात स्वेटर काढावासा वाटतो आणि पाचरकोफेलवर मात्र उभं राहवत नाही, केबलकारही बंद ठेवतात.

अल्पाइन क्लबचं, म्हणजे अल्पेनफेराइनचं, सभासदत्व आल्याबरोबर घे. त्यात डोंगरातून सोडवून आणण्याच्या खर्चाचा विमा असतो. साध्या आरोग्यविम्यात हेलिकॉप्टरचा खर्च सहसा धरत नाहीत. डोंगरातल्या हटमधल्या (गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरातल्या) राहण्यालाही सवलत मिळते, तिथे पातळ झोपपिशवी स्वतःची न्यावी लागते. डोंगरातल्या मदतीचा नंबर 140, नेटवर्क अडलं तर 112. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर. नको असेल तर एक वर, एक खाली. मजेत दोन्ही हात हलवायचे नाहीत.

बर्फ पडल्यावर सगळे नियम बदलतात. हिमस्खलनाचा अहवाल रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी येतो, धोका 1 ते 5. पाचांतला 3 म्हणजे मधला, असं वाचून पुष्कळ जण निघतात आणि सर्वांत जास्त मृत्यू याच पातळीवर होतात. 30 अंशांहून तीव्र उतारावर बीपर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), बर्फात खुपसून शोधायची सळई आणि फावडं यांशिवाय जायचं नाही, आणि ही तिन्ही वापरायचा सराव असलेला सोबती हवा, कारण गाडलेल्या माणसाकडे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. पहिल्या हिवाळ्यात तू आखलेल्या, उघड्या ठेवलेल्या हिवाळी वाटांवरच चाल. बाबांनाही हे वाचून दाखव, म्हणजे त्यांचा जीव थाऱ्यावर राहील.

बूट तिथून आणू नकोस, इथे वापरलेलेही चांगले मिळतात, मी बघून ठेवते. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असताना जाड मोजे घालून कागदावर उभा राहा, दोन्ही पावलांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोज आणि जो पाय मोठा असेल त्याचं माप कळव.

तुझी,
ताई