ट्रेल रिज रस्ता पाहून आल्यावर

ती. आई व ती. बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी समीर आणि मी कोलोरॅडोतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील ट्रेल रिज रस्त्याने एस्टेस पार्क या गावाहून ग्रँड लेक या गावापर्यंत गेलो आणि त्याच दिवशी परतलो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही इकडे याल तेव्हा तुम्हाला या रस्त्यावर न्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती कितपत शहाणपणाची आहे हे तुम्हालाच ठरवता यावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुमारे 48 मैलांचा हा रस्ता 1932 मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा सर्वांत उंच बिंदू 3,713 मीटरवर, म्हणजे बाबा तरुणपणी ज्या कळसूबाईवर चढले होते तिच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे, आणि तेथपर्यंत गाडी जाते. गुडघ्यांमुळे बाबांचे डोंगर सुटले याचे मला फार वाईट वाटते, त्यामुळे वर पोहोचल्यावर पहिली आठवण त्यांचीच झाली. रस्ता आखणाऱ्यांनी चढ कोठेही सात टक्क्यांपेक्षा अधिक होऊ दिलेला नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही आणि खाली खोल दरी आहे. आईने तेथे सरळ समोर पाहावे. चालवणाऱ्याला तर इकडेतिकडे पाहताच येत नाही, म्हणून जाताना समीरने आणि येताना मी गाडी चालवली. उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापू नयेत यासाठी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी लागते.

सुरुवातीला दाट सूचिपर्णी अरण्य आहे. पुढे झाडे खुजी होत जातात, वाऱ्याने वाकतात, काहींना तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूलाच फांद्या राहतात, आणि मग झाडे संपतातच. तेथून पुढे जवळजवळ अकरा मैल रस्ता वृक्षरेषेच्या वरून, उघड्या टुंड्रा प्रदेशातून जातो. गाडीतून तो नुसता गवताळ माळ वाटतो. परंतु रॉक कट येथे उतरून फरसबंद पायवाटेच्या कडेशी वाकून पाहिले, तेव्हा दगडांच्या आडोशाला बोटाच्या पेराएवढी गडद निळी फुले दिसली, आणि त्यांच्याजवळच जमिनीला घट्ट चिकटलेली, उशीसारखी फुगीर, बारीक गुलाबी फुलांनी भरलेली हिरवी झुडपे. वाऱ्याला अंग मिळू नये म्हणून ही झुडपे वर न वाढता पसरतात, आणि येथील उन्हाळा काही आठवड्यांचाच असल्याने वर्षाला अगदी थोडी वाढतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाय पडला तर ती जागा भरून यायला अनेक दशके लागतात, म्हणूनच तेथे पायवाट सोडू नये असा नियम आहे, आणि तो मला अगदी योग्य वाटतो. आई, परसातल्या प्रत्येक रोपाकडे तू ज्या मायेने पाहतेस, त्याच मायेने तू तेथे तासभर रमशील.

तेथेच पायका नावाचा, सशाच्या नात्यातला मुठीएवढा प्राणी तोंडात गवताची आडवी जुडी धरून दगडांमध्ये शिरताना आम्ही पाहिला. तो हिवाळ्यात झोपी जात नाही. बर्फाखाली हेच साठवलेले गवत खातो. दूरच्या उतारावर एल्क हरणांचा मोठा कळपही चरत होता.

मिलनर खिंडीत खंडाचा जलविभाजक ओलांडला. तेथे एका बाजूचे पाणी शेवटी अटलांटिकला आणि दुसऱ्या बाजूचे कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात, पॅसिफिकच्या दिशेने जाते. ग्रँड लेकला आम्ही थोडा वेळच थांबलो, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर माथ्यावर विजांसह वादळे येतात आणि त्या उघड्या जागेवर आडोसा नाही. त्यासाठीच आम्ही पहाटे निघालो होतो आणि ढग दाटण्यापूर्वी माथा ओलांडून आलो.

आता काळजीचे लिहिते. माथ्यावरील हवेत समुद्रसपाटीच्या तुलनेत प्राणवायू सुमारे एक तृतीयांशाने कमी मिळतो. समीरचे डोके थोडे दुखले आणि खाली उतरताच थांबले. मला चार पावले भरभर टाकली तरी धाप लागत होती. त्यामुळे तुम्ही आल्यावर लगेच वर जायचे नाही. आधी काही दिवस आमच्याकडे डेन्व्हरला राहायचे, मग एस्टेस पार्कला मुक्काम करून मगच पुढे निघायचे. भरपूर पाणी प्यायचे, आणि उन्हाळा असला तरी स्वेटर व कानटोपी हाताशी ठेवायची, कारण वरचा वारा बोचरा असतो. कोणालाही त्रास वाटला तर कितीही थोडे अंतर उरलेले असो, आपण गाडी वळवू. बाबांचा रक्तदाब लक्षात घेता तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि माथ्याची 3,713 मीटर ही उंची त्यांना आवर्जून सांगा.

साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत हा रस्ता बर्फामुळे बंद असतो. फुलांसाठी जुलै उत्तम, म्हणून तिकिटे जूनअखेरची पाहावीत असे आम्हा दोघांना वाटते. डॉक्टरांचे मत कळले की लगेच लिहा, म्हणजे समीर तिकिटांचे बघेल.

तुमची,
सुमा