विसापूर परत घालायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

खासगीत आभार मानले असते, तर ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही उडवून लावलं असतंत. म्हणून हे चारचौघांत.

सांगलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक धोरण संघटनेची परिषद म्हणजे लांबूनच बघायची गोष्ट. ग्रेनोबल, मिलान, सिंगापूर, माँट्रियल, बार्सिलोना, टोरांटो, चियांग माई. २०१३ ते २०२५ या काळात सात परिषदा, आशियात दोनच. मागे दुसऱ्याच एका परिषदेला माझी निवड झाली होती, पण व्हिसा लागलेला पासपोर्ट घरी आला तो परिषद आटोपल्यावर. बायको अजून चिडवते. या खेपेला चियांग माईसाठी निवड झाली, आणि थायलंडला आपल्याला व्हिसा लागत नव्हता, तेव्हा ते तरी टळलं. ‘परिषद कुठे भरते त्यावर कोण बोलणार ते ठरतं,’ असं तुम्ही म्हणायचात, ते तेव्हा पटलं.

पण खरे आभार त्या लाल शेऱ्याचे. रोजगार हमीवरचा माझा निबंध एका ठिकाणाहून परत आला होता : ‘हे भारतातल्या एका राज्याचं उदाहरण, यातून व्यापक निष्कर्ष काय?’ मी मुकाट्याने शीर्षकातलं विसापूर हे गावाचं नाव काढलं, ‘विकसनशील देश’ घातलं. तुम्ही मसुदा वाचून समासात लिहिलंत, ‘अमेरिकेतल्या एका शहरावर लिहिणाऱ्याला हे विचारतात का? विसापूर परत घाल.’

घातलं. रोजगार हमीचे जनक वि. स. पागेंनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिलेला प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं, १९७७ चा कायदा, योजनेच्या पैशासाठी लावलेला व्यवसाय कर आणि २००५ चा देशभराचा कायदा, सगळं त्यात आलं. चियांग माईत ब्राझीलच्या एका बाईंनी त्या करावरूनच माझा पिच्छा पुरवला. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या कामासाठी कर द्यायला होकार दिला कसा? दरमहा माझ्याच पगारातून दोनशे रुपये (फेब्रुवारीत तीनशे) कापले जातात, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पगारपत्रकातली एक ओळ, एवढंच मी त्याकडे पाहत आलो होतो. आता पुढचा निबंध त्याच ओळीवर चाललाय.

आणखी एक. आमच्यासारख्यांचं सत्र नेहमी शेवटच्या दिवशी, लोक बॅगा घेऊन विमानतळाकडे निघाल्यावर असतं. तुम्ही ते पहिल्या दिवशी सकाळी लावून घेतलंत. किती जणांशी वाद घातलात, ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. (भडंग आवडलं म्हणालात. साताऱ्याच्या माणसाने सांगलीचं एवढं कबूल केलं, हेही जाहीर करून टाकतो.)

माझी एक विद्यार्थिनी जत तालुक्यातली आहे, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर लिहितेय. शीर्षकात तिने गावाचं नाव घातलेलं नाही. सारांश मेलवर पाठवलाय. लाल पेन काढून ठेवा.

तुमचा,
विश्रामबागेतला